दट्ट्या, हिंदकळणे आणि झाकण : तरंगत्या जहाजांमधील पाण्याच्या परिभाषेची चिकित्सा

भर समुद्रात दोन मोठी जहाजे कुशीला कूस लावून बांधली म्हणजे त्यांच्यामध्ये पाण्याचा एक अरुंद, लांबलचक पट्टा उरतो. बाहेर लाटा बेताच्याच असतात. तथापि त्यांच्यात एका ठराविक आवर्तनकालाच्या लाटा येऊ लागल्या की ह्या पट्ट्यातील पाणी बाहेरच्या लाटेच्या कित्येक पट उंच उसळते व तितकेच खोल ओसरते. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यापासून दूर नांगरलेले 'प्रील्यूड' हे ४८८ मीटर लांब व ७४ मीटर रुंद असे वायू द्रवीकरणाचे तरंगते कारखानाजहाज बांधले गेले, तेव्हा हा प्रश्न केवळ गणिताच्या अभ्यासकांचा राहिला नाही. उणे १६२ अंश सेल्सिअसला द्रवरूप केलेला वायू नेणारी जहाजे त्याला लगटून बांधली जातात आणि जोडनळ्यांवाटे भरली जातात. असे पहिले जहाज तेथून जून २०१९ मध्ये रवाना झाले. मधले पाणी उसळले तर जहाजांची सापेक्ष हालचाल वाढते, दोरखंडांवर व मधल्या रबरी गाद्यांवर ताण येतो आणि जोडनळ्या सोडवून काम थांबवावे लागते. म्हणून हे पाणी किती उसळेल ह्याचा अंदाज अचूक असणे अगत्याचे ठरते.

ह्या अंदाजाचे शास्त्र गेल्या पाव शतकात झपाट्याने वाढले. त्याची भाषा मात्र तितक्या विचाराने घडलेली नाही. निरनिराळ्या शाखांतून उसने घेतलेले शब्द तिच्यात एकत्र नांदतात. त्यांपैकी काही वस्तूवर प्रकाश टाकतात, तर काही तिला झाकतात. मराठीत हा विषय शिकवायचा झाला तर हे सर्व शब्द भाषांतरित होऊन येणार, आणि त्यांच्यातील दोषही त्यांच्यासोबत येणार. यास्तव त्या शब्दांची आधीच चिकित्सा करणे इष्ट होय.

प्रथम स्थळाचे नाव घेऊ. इंग्रजीतील शब्दाला मराठीत 'फट' हा प्रतिशब्द सहज सुचतो. परंतु फट ही दाराला असते, भिंतीला असते. तिच्यातून वारा येतो किंवा उजेड येतो, तिच्या आत काही घडत नाही. येथे ज्या जागेविषयी बोलायचे ती काही मीटर रुंद, दहाबारा मीटर खोल आणि शेकडो मीटर लांब असते. दोन्ही टोकांना उघडी, खालून उघडी, वरून उघडी. गावातील दोन वाड्यांमधल्या बोळाची ही आकृती आहे. 'बोळ' हा शब्द घेतला की ह्या जागेला दोन तोंडे आहेत ही गोष्ट आपोआप ध्यानात राहते. ह्याच्या उलट, खोदकामाच्या जहाजांच्या पोटात वरपासून खालपर्यंत जो चौकोनी पोकळ भाग ठेवलेला असतो, ज्याला 'मूनपूल' म्हणतात, त्याला चारी बाजूंनी भिंती असतात. ती विहीर होय. हा फरक केवळ शाब्दिक नाही. विहिरीत पाणी भिंतीपाशी सर्वाधिक चढते-उतरते. बोळात त्याची उंची तोंडांपाशी जवळजवळ शून्यावर येते आणि मध्यभागी कमाल असते. दोहोंचे गणित एका कुळातले असले तरी सीमेवरच्या अटी भिन्न आहेत. ज्याने बोळाला विहीर समजून हिशेब केला, त्याचे उत्तर चुकलेच म्हणून समजावे.

पुढची जोडी अधिक मनोरंजक आहे. बर्नार मोलँ ह्यांनी इ. स. २००१ मध्ये द्रवयांत्रिकीच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात मूनपुलांविषयी जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच दोन प्रकारच्या हालचाली वेगळ्या काढल्या आहेत: एक दट्ट्याची आणि दुसरी हिंदकळण्याची. पहिलीत पाण्याचा सबंध स्तंभ एकजिनसी खालीवर होतो. दुसरीत पाणी एका भिंतीकडून दुसरीकडे झुकते. मराठीच्या दृष्टीने ही विभागणी भाग्याची म्हटली पाहिजे, कारण दोन्हींना येथे बोलीतले शब्द तयार आहेत. पिचकारीतला दट्ट्या मुलांनाही ठाऊक असतो. आणि डोक्यावरच्या घागरीतले पाणी चालताना जे करते त्याला 'हिंदकळणे' ह्याहून नेमका शब्द कोणत्याही परिभाषाकोशाला घडवता आला नसता.

परंतु सहाच वर्षांनी, इ. स. २००७ मध्ये, ह्याच नियतकालिकात ऑड फाल्टिन्सेन, ओलाव रोग्नेबाक्के व अलेक्झांडर तिमोखा ह्यांचा जो निबंध आला त्याच्या शीर्षकात 'दट्ट्यासारखे हिंदकळणे' अशी रचना आढळते. जे दोन शब्द मोलँ ह्यांच्याकडे 'आणि' ह्या उभयान्वयी अव्ययाने जोडलेले, म्हणजेच परस्परांपासून वेगळे राखलेले होते, त्यांपैकी एक येथे विशेषण झाला व दुसरा विशेष्य. पहिल्या लेखात हिंदकळणे ही दट्ट्याची सवत आहे. दुसऱ्यात ती त्याची जात आहे. दोन्ही लेख आपापल्या जागी निर्दोष आहेत व लेखकांना आपण काय म्हणतो हे पुरते ठाऊक आहे. अडचण त्यांच्यामागून येणाऱ्या विद्यार्थ्याची होते. 'हिंदकळणे' हा शब्द त्याने कोणत्या अर्थी घ्यावा? बंदिस्त पात्रातील मुक्त पृष्ठाची कोणतीही हालचाल, की आडवी तेवढीच?

बोळापाशी आल्यावर हा गोंधळ आणखी वाढतो. बोळाच्या लांबीत पाण्याच्या स्पंदनांची एक मालिकाच असते: पहिल्यात मध्यभागी एकच उंचवटा, पुढच्यात दोन विरुद्ध उंचवटे, त्यापुढच्यात तीन, आणि ह्या सर्वांचे आवर्तनकाल परस्परांच्या बरेच जवळ. ह्यांतील पहिल्याला दट्ट्या व बाकीच्यांना हिंदकळणे म्हणण्याची प्रथा पडली आहे. वस्तुतः पहिले स्पंदन हे मालिकेतील एक सभासद आहे. त्याची जात निराळी नाही. दट्ट्या म्हटला की सबंध बोळात पाणी सारख्याच उंचीने चढते असा समज होतो. प्रत्यक्षात ते मध्यावर उसळत असता तोंडाजवळ शांत असू शकते, आणि तेथे उंचीमापक ठेवणाऱ्याची चांगलीच फसगत होईल. म्हणून 'दट्ट्या' हा शब्द विहिरीसाठी आणि दोन मितींतील छेदासाठी राखावा. लांब बोळासाठी 'पहिले स्पंदन', 'दुसरे स्पंदन' असे साधे क्रमवाचक पुरेत.

दट्ट्याचे वजन किती, हा प्रश्न 'आभासी वस्तुमान' ह्या संज्ञेशी नेतो. समजा, दोन सारखी जहाजे पाण्यात १२ मीटर बुडालेली आहेत, मधला बोळ ४ मीटर रुंद आहे आणि सर्व मिळून रुंदी १०० मीटर आहे. बोळातील १२ मीटर उंचीच्या स्तंभाचाच विचार केला तर त्याचा आवर्तनकाल सुमारे ६.९५ सेकंद येतो. मोलँ ह्यांच्या दोन मितींतील, खोल पाण्यासाठी दिलेल्या सूत्राने मात्र तो सुमारे ८.३ सेकंद निघतो, कारण स्तंभाची परिणामी उंची १७.१ मीटर ठरते. हे वरचे ५.१ मीटर म्हणजे जहाजांच्या तळाखालचे पाणी. बोळातला स्तंभ हलला की तेही हलते. ते खरेखुरे पाणी आहे, त्याला खरेखुरे वेग आहेत. फ्रीड्रिख बेसेल ह्यांनी इ. स. १८२८ मध्ये लंबकाच्या प्रयोगांवरून दाखवले की हलत्या वस्तूबरोबर भोवतालचा द्रवही ओढला जातो आणि त्याचे ओझे हिशेबात धरावे लागते. ह्याला 'आभासी' म्हणणे हा भाषांतराचा अपघात होय. मूळ शब्दाचा अर्थ 'परिणामतः तितकेच' असा आहे; मराठी 'आभास' शब्दाला वेदान्ताच्या अंगाने मिथ्यात्वाची छटा चिकटलेली आहे, दोरीवरील सर्पाची. ५.१ मीटर पाणी दोरीवरचा सर्प नव्हे. 'वाढीव वस्तुमान' किंवा 'सोबतचे वस्तुमान' म्हणावे आणि हा वाद मिटवावा.

आता मुख्य शब्दाकडे वळू. मराठी शास्त्रीय लेखनात ह्या घटनेसाठी अनुनाद, अनुस्पंदन व संस्पंदन अशी तीन नावे वावरतात. अनुनादावर नेहमीचा आक्षेप असा की त्यात नाद आहे, आणि पाण्याच्या उसळीत नाद कोठला? ह्या आक्षेपात वरवर तथ्य दिसते. मूळ युरोपीय शब्दही ध्वनीपासूनच आला आहे, हे त्याला उत्तर होऊ शकत नाही. परक्या भाषेतील व्युत्पत्ती ही आपल्या भाषेतील दोषाचे समर्थन कधीच नसते. परंतु आक्षेप घेणाऱ्यांनी वस्तूकडे अधिक नीट पाहिले असते तर त्यांना दिसले असते की येथे नादाशी असलेले नाते वरवरचे नाही. बासरीचा सूर काढताना तिच्या नळीची लांबी थोडी वाढवून धरावी लागते, कारण तोंडाबाहेरची थोडी हवाही आतल्या हवेबरोबर हलते. बोळाच्या १२ मीटरांत मिळवलेले ५.१ मीटर ही हीच दुरुस्ती होय. हेर्मान हेल्महोल्ट्झ ह्यांनी सूर ओळखण्यासाठी जे पोकळ गोळे वापरले, त्यांच्या मानेतील हवा दट्ट्यासारखीच आतबाहेर करते.

साम्य येथेच संपत नाही. जॉन माइल्स व वॉल्टर मुंक ह्यांनी इ. स. १९६१ मध्ये बंदरांविषयी एक चमत्कारिक गोष्ट सिद्ध केली: बंदराचे तोंड अरुंद केले तर, घर्षण सोडून दिल्यास, आतले पाणी शांत होण्याऐवजी अधिकच उसळते. कारण अरुंद तोंडातून लाटांच्या रूपाने बाहेर निसटणारी ऊर्जा कमी होते. बोळाचेही तसेच. रुंदी निम्मी केली की बाहेर पाठवली जाणारी लाट निम्म्या उंचीची, म्हणून बाहेर जाणारी ऊर्जा चौथाई होते. बोळातील पाणी मात्र ढोबळमानाने निम्मेच होते. तेव्हा घर्षणरहित द्रवाच्या गणितात बोळ जितका अरुंद, तितकी उसळी दांडगी. रुंदी शून्याकडे नेली तर उसळीला धरबंधच राहत नाही. गोळा, बंदर आणि बोळ ही तिन्ही एकाच घराण्यातील आहेत, आणि त्या घराण्याचे आडनाव नादावरून पडले असेल तर त्यात लाजण्याजोगे काही नाही.

अनुनाद शब्दाचा खरा दोष 'नाद' ह्या अंगात नसून 'अनु' ह्या उपसर्गात आहे. अनु म्हणजे मागून, धरून, त्याप्रमाणे. बाहेरच्या लाटेने जो सूर लावला तोच बोळाने आळवला, असे तो उपसर्ग सांगतो. लहान लाटांपुरते हे खरे आहे. परंतु वेनहुआ झाओ, ह्यू वोल्गॅमट, पॉल टेलर व रॉडनी ईटॉक टेलर ह्यांच्या इ. स. २०१७ मधील प्रयोगांत निराळीच गोष्ट पुढे आली: ज्या लाटांची वारंवारता बोळाच्या स्वाभाविक वारंवारतेच्या निम्मी आहे, अशा लाटांचा समूह आला तरी बोळ आपल्याच वारंवारतेने उसळतो. दुसऱ्या घातातील परस्परक्रियेमुळे वारंवारता दुप्पट होते, आणि ती दुप्पट वारंवारता बोळाला नेमकी लागू पडते. वरच्या उदाहरणातील ८.३ सेकंदांचा बोळ १६.६ सेकंदांच्या लांब लाटांनीही जागा होऊ शकतो. असा परिणाम लाटेच्या उंचीच्या वर्गाने वाढतो. उंची दुप्पट तर परिणाम चौपट. ज्याच्या मनात 'अनु' घट्ट बसलेला आहे, तो समुद्राच्या नोंदीत १६ सेकंदांच्या लाटा पाहून 'बोळाचा काल ८ सेकंदांचा, तेव्हा भीती नाही' असा निर्वाळा देईल. शब्दाने केलेली चूक ती हीच.

आता सुधारकांनी काय केले पाहा. अनुनाद मोडून त्यांनी अनुस्पंदन घडवले. म्हणजे ज्या अंगाला दोष नव्हता ते बदलले आणि ज्याला होता ते जपून ठेवले. संस्पंदनात 'सम्' आहे; 'एकत्र स्पंदणे' एवढेच त्यात सुचते, सुराच्या समानतेचा आग्रह नाही, म्हणून तर्कदृष्ट्या ते सर्वांत बरे. परंतु रसायनाच्या पुस्तकांनी हा शब्द रेणूंच्या रचनेसाठी केव्हाच उचलला आहे आणि एका विद्यार्थ्याला एकाच वर्षात त्याचे दोन अर्थ शिकवणे सुखाचे नाही. तेव्हा रूढ झालेला अनुनादच राहू द्यावा. मात्र 'किती सेकंदांच्या लाटेने किती सेकंदांचे स्पंदन' हे प्रत्येक वेळी वाक्यात सांगितले जावे. संज्ञेला जे पेलत नाही ते वाक्याने पेलायचे असते.

सर्वांत गंभीर प्रकरण 'अवमंदन' ह्या शब्दाचे आहे, आणि त्याच्या पोटात 'झाकण' दडलेले आहे. घर्षणरहित द्रवाच्या गणिताने बोळातील उसळी प्रत्यक्षापेक्षा फारच मोठी येते, हे पहिल्यापासून दिसत होते. हा फुगवटा आवरण्यासाठी गणकांनी एक युक्ती काढली. रेने हाउसमान्स, यो पिंकस्टर व याप डी विल्ड ह्यांनी इ. स. २००१ मध्ये बोळातील पृष्ठभागावर ताठ झाकण घालून पाहिले; पाणी हलेनासे झाले, पण त्यामुळे खरी उसळीही दडपली गेली. पुढे झाकण लवचिक झाले. नंतर झाकणाचा आकार जाऊन पृष्ठभागाच्या अटीतच एक अवमंदनाचे पद घालण्यात येऊ लागले आणि त्याचा गुणक प्रयोगातील उसळीशी जुळेपर्यंत बदलण्यात येऊ लागला. अभियंत्याच्या दृष्टीने ही सोय वाजवी आहे. पण 'झाकण' म्हणत होते तोपर्यंत प्रामाणिकपणा टिकून होता; जहाजांमध्ये कोणी झाकण घातलेले नाही हे प्रत्येकाला ठाऊक होते. 'अवमंदन गुणक' म्हटल्याबरोबर ती पाण्याची एक मोजलेली राशी वाटू लागली, घनता किंवा श्यानता ह्यांच्या पंक्तीला बसणारी.

पाण्याची हालचाल तीन वाटांनी मंदावते. लाटांच्या रूपाने ऊर्जा बाहेर निघून जाते. ही गळती होय, येथे काही नष्ट होत नाही. जहाजाच्या भिंतीला लागून असलेल्या पातळ स्तरात श्यानतेमुळे घर्षण होते. आणि तळाच्या धारदार कोपऱ्यांपाशी भोवरे सुटतात. त्रिग्वे क्रिस्टियान्सेन व फाल्टिन्सेन ह्यांनी इ. स. २००८ मध्ये भोवऱ्यांचा माग काढणाऱ्या पद्धतीने दाखवले की गणित व प्रयोग ह्यांतील तफावतीला मुख्यतः हे भोवरेच कारण आहेत. भोवऱ्यांचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. लहान लाटेत तो नगण्य आणि मोठ्या लाटेत मोठा. उलट, जेथे तळाचे कोपरे गोलाकार आहेत तेथे भोवऱ्यांना वाव उरत नाही; झाओ व त्यांच्या सहकाऱ्यांच्या इ. स. २०१८ मधील अभ्यासात अशा नमुन्यांतील मंदावणे जवळजवळ सर्वस्वी भिंतीलगतच्या संथ सीमास्तराचे, म्हणून वेगाच्या पहिल्या घाताचे आढळले. तीन कारणे, तीन निराळे नियम; आणि त्या सर्वांवर एकच शब्द व एकच अंक. गळती, घर्षण आणि भोवरे असे तीन साधे शब्द मराठीत उपलब्ध असताना अवमंदनाच्या एका गाठोड्यात त्यांना बांधण्याचे प्रयोजन दिसत नाही.

ह्या गाठोड्याचे नुकसान प्रमाण बदलताना उघडे पडते. वरचाच ४ मीटरांचा बोळ साठाव्या हिश्श्याने लहान करून प्रयोगशाळेच्या तलावात ठेवला तर तो सुमारे ६७ मिलिमीटरांचा होईल. तेथे भिंतीलगतच्या संथ सीमास्तराची जाडी सुमारे ०.५८ मिलिमीटर, म्हणजे बोळाच्या रुंदीच्या सुमारे ०.९ टक्के. समुद्रात हाच स्तर संथच राहिला असे क्षणभर मानले तर त्याची जाडी सुमारे १.६ मिलिमीटर, म्हणजे रुंदीच्या केवळ ०.०४ टक्के. प्रमाण वीसपटींहून अधिक उतरले. आता समुद्रातील खऱ्या जहाजावर तो स्तर संथ राहणार नाही, खवळलेला असेल, आणि मग हे गुणोत्तरही जसेच्या तसे लागू पडणार नाही, ही गोष्ट वेगळी. निष्कर्ष एवढाच की तलावातील उसळीशी जुळवून घेतलेला गुणक समुद्रावर नेताना त्यात घर्षणाचा वाटा किती व भोवऱ्यांचा किती हे ठाऊक असल्यावाचून गत्यंतर नाही. घर्षणाचा वाटा मोठा असेल, तर तलावात पाणी जितके शांत दिसले त्याहून समुद्रात ते अधिक उसळेल.

ह्या ठिकाणी व्याकरणाचाही थोडा संबंध येतो. अशा अहवालांतील वाक्य बहुधा कर्मणी प्रयोगात असते: 'गुणक अमुक इतका घेण्यात आला.' कर्मणी प्रयोगात तृतीयेतील कर्ता गाळता येतो. मराठीने ही सवलत दिली आहे व शास्त्रीय लेखनाने ती मनापासून स्वीकारली आहे. निरीक्षणाच्या वाक्यात तिने काही बिघडत नाही. 'पाण्याची उंची मोजण्यात आली' ह्यात कोणी मोजली हे गौण आहे, कारण दुसऱ्याने मोजली तरी तीच येईल. परंतु गुणक हा कोणीतरी निवडलेला असतो. दुसऱ्याने तो दुसरा निवडला असता. निवडीच्या वाक्यातून कर्ता गाळला की निवड निरीक्षणाचा वेष घेते. पाठ्यपुस्तकात ह्या वाक्याला निदान करण अपेक्षित आहे: कोणत्या प्रयोगाच्या आधारे, कोणत्या प्रमाणाच्या नमुन्यावर, किती उंचीच्या लाटांत, कोपरे धारदार होते की गोल. एवढी चार पदे वाक्यात आली तर गुणकाचा आकडा कोणताही असो, वाचणाऱ्याला त्याची किंमत कळते. नाहीतर ती झाकली मूठ आहे, आणि तिच्या सव्वा लाखाच्या भरवशावर दोन जहाजे चार मीटरांच्या अंतराने उभी आहेत.